जिन्याच्या दाव्याचा खर्च

नोटीस आली त्या दिवशी मी शाळेतून येऊन नुकत्याच चपला काढल्या होत्या. सासूबाईंनी तो कागद दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला.

"कमिटीचा चपराशी देऊन गेला. माहा अंगठा घेतला त्यानं. पाह्य, काय लिहून हाये त्याच्यात."

आमच्या भागातली जुनी माणसं महानगरपालिकेला शेवटपर्यंत कमिटीच म्हणत राहिली. काळ सत्तरच्या दशकाच्या मधला. नागपुरात जरीपटक्याच्या पलीकडे प्लॉट पाडून एक नवा लेआउट झाला होता, त्यात आम्ही दोन खोल्यांचं घर बांधून अडीच वर्षं झाली होती. प्लॉट माझ्या नावावर, घरही माझ्याच नावावर. माझा नवरा मालगाडीवर गार्ड होता आणि महिन्यातले निम्मे दिवस लाइनवर असायचा. "सही करायला जे माणूस वेळेवर हजर असते, त्याच्याच नावानं कागद करावा," असं म्हणून त्यानं तो विषय एका वाक्यात संपवला होता. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले तेही मीच.

नोटिशीत लिहिलं होतं की, घरासमोर प्लॉटच्या हद्दीपासून दहा फूट जागा मोकळी सोडायची असताना आमचा बाहेरचा जिना त्या जागेत आला आहे. तो पंधरा दिवसांत काढावा. न काढल्यास कमिटी पाडेल आणि पाडण्याचा खर्च मालकाकडून वसूल करील.

मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बाहेर जाऊन जिना पाहून आल्या. मग म्हणाल्या, "पाडतीन ते, आन पैसे आपण द्यायचे?"

"तसंच लिहिलंय."

"असं काहून?"

तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. कोणाच्या चुकीचा खर्च कोणी द्यायचा, हे ठरवतं कोण? तोवर मी या गोष्टीचा कधी विचारच केला नव्हता.

जिना आमच्यासाठी शोभेचा नव्हता. नागपूरच्या उन्हाळ्यात दोन खोल्यांत तीन माणसंही झोपू शकत नाहीत. माणसं गच्चीवर झोपतात, आणि गच्चीवर जायला जिना लागतो. शिवाय तो नकाशात होता. कमिटीचा शिक्का आणि सही असलेला मंजूर नकाशा माझ्या ट्रंकेत घडी करून ठेवलेला होता, आणि त्यात जिना हद्दीपासून अकरा फुटांवर काढलेला स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कचेरीत गेले. नकाशा कापडी पिशवीत घेतला होता. खिडकीपाशी एक बाबू बसला होता. त्यानं नोटीस बघितली आणि विचारलं, "घर कोणाच्या नावावर?"

"माझ्या."

"नकाशा कोणी मंजूर करून घेतला?"

"मीच."

त्यानं नोटीस परत माझ्याकडे सरकवली. "तुमच्या साहेबांना पाठवा. मोजमापाचं काम आहे, बाई. तुम्हाला नाही समजणार."

त्याच सकाळी पहिल्या तासाला मी दहावीच्या मुलींना समरूप त्रिकोण शिकवून आले होते. मी पिशवी काखेत मारली आणि नकाशा न काढताच परत फिरले. त्याच्याशी भांडले नाही, याचं मला घरी येईपर्यंत कौतुक वाटत होतं. नोटिशीला लेखी उत्तरही दिलं नाही. म्हटलं, यांना एकदा धडा मिळू दे.

पंधरा दिवसांनी दुसरी चिठ्ठी आली. आठ दिवसांत पाडणार.

शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या ओळखीनं मी वकील गाठले. दिवाणी कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली त्यांचं टेबल होतं. साठीचे, हळू बोलणारे गृहस्थ. बोलता बोलता पेन्सिलीनं कागदाच्या कडेला बारीक चौकटी काढायची त्यांना सवय होती. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, चारही कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली आणि बराच वेळ पाहिला.

"शिक्का खरा आहे. हा त्यांना दाखवला का?"

"त्यांनी मागितला नाही," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, हे मला बोलतानाच कळलं होतं.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आधी कमिटीला वकिलामार्फत नोटीस द्यायची. उत्तर नाही आलं तर दावा लावायचा आणि जिना पाडू नये म्हणून तात्पुरती मनाई मागायची. मग साक्षी, मग निकाल. मी विचारलं, "जिंकले तर हा सगळा खर्च कोण देणार?"

त्यांनी चौकटी काढणं थांबवलं. "बहुतेक लोक हे हरल्यावर विचारतात. हरणारा देतो, असा सर्वसाधारण नियम आहे."

"सर्वसाधारण म्हणजे?"

"म्हणजे न्यायाधीश ठरवतील तसा. सगळा देऊ शकतात, काही देऊ शकतात, काहीच नाही असंही म्हणू शकतात. फक्त तसं केलं तर कारण लिहावं लागतं."

मी ते टाचणवहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं. पुढे ते पान भरतच गेलं. वकीलसाहेबांना माझे प्रश्न आवडत असावेत, कारण ते कधी घाई करत नसत. साक्षीदाराला कोर्ट भत्ता देतं, तो कशावर ठरतो? समन्स नेणाऱ्या बेलिफाचे पैसे आधी कोण भरतं? मी रजा घेते तिचे पैसे धरतात का? या शेवटच्या प्रश्नावर ते हसले. "नाही धरत. तुमचं कोर्टात येणं-जाणं, रिक्षा, रजा, झोप, यातलं काहीच त्या तक्त्यात बसत नाही."

कमिटीनं वकिलांच्या नोटिशीला उत्तर दिलं नाही, पण तोवर पाडायलाही कोणी आलं नाही. दावा लागला. तात्पुरती मनाई मिळाली आणि जिना जागेवर राहिला. त्यानंतर नुसत्या तारखा पडत राहिल्या, दीड वर्ष. दर तारखेला मी शाळेत अर्ज द्यायची आणि हेडबाई चष्म्याच्या वरून बघत सही करायच्या.

कमिटीच्या ओव्हरसियरनं शपथेवर सांगितलं की जिना हद्दीपासून आठ फुटांवर आहे, त्यानं स्वतः टेपनं मोजला आहे. माझ्या नकाशात अकरा फूट. तीन फुटांचा फरक कुठून आला, हे कोणालाच कळेना. हा माणूस खोटं बोलत असेल असं मला त्याच्याकडे बघून वाटत नव्हतं. तिशीचा, सावनेरकडचा, उन्हानं काळवंडलेला. बोलताना हातानं अंतर दाखवायचा. मग आकडे जुळत का नव्हते? मला जिंकायचं होतं हे खरंच, पण त्याहीपेक्षा हे तीन फूट गेले कुठे, ते मला हवं होतं. मी आमच्या अंगणात शाळेचा टेप घेऊन दोनदा मोजलं. मला कधी आठ यायचे, कधी साडेआठ. नवरा लाइनवरून आला तेव्हा त्यालाही टेपचं एक टोक धरायला लावलं. तो म्हणाला, "तू त्यांच्याच बाजूनं साक्ष देशील का आता?"

शेवटी कोर्टानं कमिशनर नेमला. म्हणजे एक तरुण वकील, जो जागेवर येऊन मोजणी करणार आणि कोर्टाला अहवाल देणार. त्याची फी तूर्त मी भरायची असं ठरलं. तो आला रविवारी सकाळी, सोबत मोजणीची साखळी आणि एक सर्व्हेअर. ओव्हरसियरही हजर होता. गल्ली जमा झाली. सासूबाईंनी सगळ्यांना चहा दिला, ओव्हरसियरलाही. मी डोळ्यांनी विचारलं तर त्या म्हणाल्या, "तो बी कोणाचा तरी लेक हाये ना वं. उनात उभा हाये."

सर्व्हेअरनं लेआउटचा मूळ नकाशा काढला आणि विचारलं, "हद्दीचा दगड कुठे आहे?"

ओव्हरसियरनं आमच्या घरापुढच्या नालीची अलीकडची कड दाखवली. "दगड दिसला नाही. मी इथून धरलं. नालीच हद्दीवर असते."

सर्व्हेअरनं लेआउटच्या नकाशात ठरलेल्या खांबापासून साखळी ओढत आणली आणि नाली ओलांडून थेट शेजाऱ्याच्या म्हशींपाशी थांबला. शेजारी म्हशी पाळायचा. नालीपलीकडे, रस्त्याच्या कडेला, त्यानं विटामातीची गव्हाण बांधली होती आणि तिथे दोन म्हशी रवंथ करत होत्या.

"दगड इथे असायला पाहिजे," सर्व्हेअर म्हणाला.

शेजारी पुढे झाला. "इथं कायचा दगड? मी तीन वर्षांपासून म्हशी बांधून राहिलो. मले नाही दिसला."

"गव्हाणीखाली असेल."

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. गव्हाण पाडणार या भीतीनं तो माझ्याकडे बघायला लागला. मी सर्व्हेअरला विचारलं की एकाच कोपऱ्यातून उकरून चालेल का. तो हो म्हणाला. म्हशी सोडल्या, शेजाऱ्यानं स्वतः कुदळ आणली, आणि शेण-मातीचा हातभर थर निघाल्यावर खट्‌ असा आवाज आला. चौकोनी दगड, वर कोरलेला आकडा. सर्व्हेअरनं तो पाण्यानं धुऊन वाचला. आमच्याच प्लॉटचा.

तिथून जिन्यापर्यंत साखळी धरली. अकरा फूट दोन इंच.

म्हणजे जिना बरोबर होता आणि नालीच आमच्या प्लॉटमध्ये तीन फूट आत खणलेली होती. ती कमिटीच्याच ठेकेदारानं, आमचं घर झाल्यावर, खणली होती. ओव्हरसियरनं स्वतः साखळीचं टोक धरून पुन्हा मोजलं. मग उकिडवा बसून दगडावर हात ठेवला. कोणी हसलं नाही. माझ्या मनातलं एक ओझं मात्र त्या क्षणी उतरलं. त्याचा टेप खोटा नव्हता, माझा नकाशाही खोटा नव्हता. दोघांनी वेगवेगळ्या जागेपासून मोजलं होतं.

अहवाल कोर्टात गेला. आता निकाल आमच्याच बाजूनं लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटच्या युक्तिवादाच्या दिवशी कमिटीच्या वकिलांनी दाव्याबद्दल फारसं बोलणं टाळलं आणि सगळा भर खर्चावर दिला.

"ओव्हरसियरनं उलटतपासणीत सांगितलं आहे, साहेब, की कचेरीच्या फाइलीत नकाशाची प्रत नव्हती. ती गहाळ झाली, ही आमची चूक. पण वादी बाईंकडे मूळ नकाशा होता. तो पहिल्या दिवशी दाखवला असता तर नोटीस त्याच दिवशी मागे घेतली गेली असती. त्यांनी दाखवला नाही, नोटिशीला उत्तर दिलं नाही. हा दावा त्यांनी ओढवून घेतला. ज्याचा त्यानं खर्च सोसावा."

आमचे वकील उठायच्या आत न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या बाकावर बसले होते.

"बाई, तुम्ही कचेरीत गेला होतात?"

मी उभी राहिले. "हो."

"नकाशा सोबत होता?"

वकीलसाहेबांची पेन्सिल थांबलेली मला दिसली. मला "आठवत नाही" म्हणता आलं असतं. पण तो दगड उकरून काढल्यावर आता हे एवढं झाकायचं, हे मला काही जमेना.

"होता. पिशवीत होता."

"मग दाखवला का नाही?"

"मला नवऱ्याला पाठवा म्हणाले. मोजमाप तुम्हाला समजणार नाही म्हणाले. मी गणित शिकवते. मला राग आला आणि मी परत आले."

कोर्टात कोणीतरी खोकलं. न्यायाधीश काही वेळ लिहीत राहिले. मग एवढंच म्हणाले, "बसा."

बाहेर आल्यावर मी वकीलसाहेबांना विचारलं, "चुकलं का माझं?"

"उत्तर चुकलं नाही," ते म्हणाले. "परत फिरलात ते चुकलं. पण ते मला आज कळलं, दीड वर्षांनी. मला तरी आधी सांगायचं होतं."

मी मान खाली घातली. त्यांना एवढंच वाईट वाटलं होतं, आणि ते मला खर्चापेक्षा जास्त लागलं.

दोन आठवड्यांनी निकाल लागला. जिना कायदेशीर ठरला, कमिटीला कायमची मनाई झाली. खर्चाचा परिच्छेद शेवटी होता. निकाल इंग्रजीत होता, आणि मी तो घरी आणून शब्दकोश घेऊन बसले. न्यायाधीशांनी लिहिलं होतं ते साधारण असं: वादीला कचेरीत जे ऐकावं लागलं ते ऐकावं लागायला नको होतं, आणि तिचा राग समजण्यासारखा आहे. मात्र दावा लागण्याला दोन गोष्टी कारण झाल्या. प्रतिवादीनं फाइल नीट ठेवली नाही आणि वकिलांच्या नोटिशीला उत्तर दिलं नाही, ही एक. वादीनं हातातला नकाशा दाखवला नाही, ही दुसरी. म्हणून दाव्याचा अर्धा खर्च प्रतिवादीनं द्यावा. कमिशनरची फी मात्र पूर्ण द्यावी, कारण नाली प्रतिवादीनं खणली होती आणि त्यामुळेच मोजणी करावी लागली.

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट मी चकितच झाले. मला वाटत होतं खर्च म्हणजे जिंकणाऱ्याचं बक्षीस. या माणसानं मात्र प्रत्येक खर्चाला विचारलं होतं, तू कोणामुळे झालास? आणि त्याप्रमाणे वाटणी केली होती.

नवरा त्या दिवशी घरी होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो बनियनवर बसून कांदा चिरत होता.

"उत्तर बरोबर, पण पायऱ्या गाळल्या तर तू पोरींना किती मार्क देते?"

"अर्धे."

"मंग?" म्हणून त्यानं दुसरा कांदा घेतला.

सासूबाईंना मात्र हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, "आपण खरे होतो ना? मंग अर्धं काहून? खरं काय अर्धं असते?" मी त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण शेवटपर्यंत त्यांचं मत बदललं नाही. शेजारणींना सांगताना त्या म्हणायच्या, "जजसाहेब चांगला होता, पण हिशोब चुकला त्याचा."

हुकूमनाम्याच्या पाठीमागे खर्चाचा तक्ता होता. डाव्या बाजूला वादीचा, उजव्या बाजूला प्रतिवादीचा. दाव्याचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, समन्सची फी, साक्षीदाराचा भत्ता, कमिशनर, वकिलाची फी. वकिलाची फी कोर्टाच्या ठरलेल्या दरानं लावली होती, मी प्रत्यक्षात दिली त्याहून खूप कमी. जिना बांधणारा मिस्त्री माझ्यासाठी दिवसभराची रोजी बुडवून साक्षीला आला होता, त्याचा भत्ताही त्यात होता, जेमतेम चहा-नाश्त्याचा. हा तक्ता मला निकालाहून जास्त आवडला. एवढं दीड वर्ष, आणि त्याच्या सहा ओळी. मी नववीच्या वर्गात तो टक्केवारीच्या उदाहरणासाठीही वापरला, अर्थात कोणाचा दावा ते न सांगता.

पैसे लगेच आले नाहीत. वकीलसाहेबांनी वसुलीची दरखास्त लावू असं एक पत्र कमिटीला पाठवलं, तेव्हा चेक आला. अर्ध्या खर्चातून मी मिस्त्रीची बुडालेली रोजी भरून दिली. तो घेत नव्हता. म्हणाला, "भत्ता भेटला मले कोर्टातून." मी म्हटलं, तो कोर्टाचा, हा माझा.

नाली सरकवायला कमिटीला आणखी एक वर्ष लागलं. ते काम बघायला तोच ओव्हरसियर आला. खणणं चालू असताना तो आमच्या ओट्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या केसपासून मी दगड सापडल्याशिवाय टेप काढत नाही. वरचे साहेब ओरडतात, काम मागे पडते म्हणून." मी विचारलं, "मग?" तो म्हणाला, "मंग काय, ओरडून राहिले." सासूबाईंनी त्याला पुन्हा चहा दिला.

पुढच्या उन्हाळ्यात म्हशीवाल्या शेजाऱ्याला नोटीस आली. त्यानं मागच्या बाजूला न्हाणी बांधली होती. तो कागद घेऊन माझ्याकडे आला, चांगलाच पेटलेला.

"बाई, आता मी बी दावा टाकतो. तुमच्या वकिलाचा पत्ता द्या."

"नकाशा आहे का?"

"हाये ना. पेटीत हाये."

"घेऊन या. मी येते सोबत."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघं कचेरीत गेलो. खिडकीवर आता दुसरा बाबू होता. मी शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की काहीही ऐकावं लागलं तरी नकाशा आधी टेबलावर ठेवायचा, बोलायचं नंतर. त्यानं तसंच केलं. बाबूनं फाइल मागवली, दोन्ही नकाशे जोडीला लावले, आत जाऊन कोणाला तरी विचारून आला आणि नोटिशीवर शेरा मारून दिला. त्याची पोच आम्ही लेखी मागितली, तीही मिळाली. सगळं मिळून अर्धा तास.

परतताना मी खुशीत होते. शेजारी मात्र गप्प गप्प सायकल ढकलत चालला होता. गड्डीगोदामापर्यंत आल्यावर मी विचारलं, "काय झालं? काम तर झालं ना?"

"झालं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण कोर्टात जजनं मले बी काही विचारलं असतं ना, बाई. आता कोणी काही विचारलंच नाही."